जनरलचा भंडारी

इब्राहिममामू जेवायला वाढत, पण जेवू देत नसत. सतरंजीवर भाताचं पातेलं, वरणाचं भांडं, माशाच्या कालवणाची कढई मांडली जायची, आम्ही सहा जण हात धुऊन भोवती बसायचो, आणि मी वरणाकडे पळी नेली की मामू ओरडायचे, "थांब पवार! तिकडं जपानी हायत!"

वरणाचं भांडं म्हणजे जपान्यांनी घेतलेलं शहर. भाताचं पातेलं म्हणजे डोंगर. लिंबाच्या फोडींची रांग ही रेल्वे लाइन. आणि डोंगरामागे, लोणच्याच्या बरणीच्या आडोशाला, आमचे जनरलसाहेब तीनशे माणसांनिशी दबा धरून बसलेले. त्यांनी शहराला वळसा घालून माघार घेतल्याशिवाय आम्हाला वरण मिळत नसे. नशीब एवढंच की जनरलसाहेब माघार फार चपळाईने घेत.

मी एकसष्ट साली दुबईला आलो. एका शिपिंग एजंटकडे टायपिस्ट होतो. शहराच्या देरा नावाच्या भागात, खाडीच्या काठाला एका गोदामाच्या माडीवर आमची मेस होती आणि मामू तिचे स्वयंपाकी. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावचे. पन्नाशीचे, ठेंगणे, आणि बोलताना भुवया इतक्या वर नेणारे की टोपी हलायची. उमेदीत ते गोऱ्यांच्या मालवाहू बोटीवर भंडारी होते. खलाशांच्या स्वयंपाक्याला बोटीवर भंडारी म्हणतात. अशाच एका फेरीत त्यांची बोट उत्तर चीनमधल्या एका बंदरात लागली.

"मी कांदे आणायला उतरलो," मामू सांगत. "कांदे घेतले. वळून बघतो तर बोट नाय. जपानी आला म्हणून कप्तानानं नांगर उचलला. माझ्या हातात दहा शेर कांदे. सात वर्सं गेली पवार, त्या कांद्यापायी."

माणसांच्या लोंढ्याबरोबर ते डोंगरात गेले आणि कम्युनिस्टांच्या फौजेत जाऊन पडले. त्या फौजेच्या जनरलचं खरं नाव मामूंना कधी उच्चारता आलं नाही. ते त्यांना 'खानसाहेब' म्हणत. त्यामुळे मेसमधल्या निम्म्या लोकांची समजूत होती की चीनमध्ये कम्युनिस्टांची फौज कोणी पठाण चालवत होता.

त्या फौजेत चिनी मुसलमानांची एक तुकडी होती. मामूंना तिच्या चुलीवर बसवलं. खानसाहेबांचं पोट नाजूक. डुकराच्या चरबीचं जेवण त्यांना सोसत नसे. एके दिवशी ते मुसलमानांच्या चुलीपाशी आले, मामूंच्या हातची पातळ खिचडी जेवले, आणि पुढची सात वर्षं तिथेच जेवले. "तवापासून फौजेचं ऑफिस माझ्या चुलीपाशी," मामू म्हणत. "नकाशा माझ्या कणकेच्या परातीत. कुठं हल्ला, कुठं पळ, सगळं मला आधी ठावं."

पळण्याचं तर ते शास्त्रच सांगत. खानसाहेबांचा हुकूम होता, पळायचं ते जेवून पळायचं. उपाशी फौज पळते आणि थांबतच नाही, जेवलेली फौज दुपारी आपोआप थांबते. "मला बोल्ले, भंडारी, लढाई हरली तर परत लढता येईल. पातेलं हरवलंस तर जेवायचं कशात?" पहिल्या तीन वर्षांत खानसाहेब एकही मोठी लढाई जिंकले नाहीत, पण एक पातेलंही गमावलं नाही, हे मामू फार अभिमानाने सांगत. शेतकऱ्याच्या घरातली सुई घेतली तरी सैनिकाला शिक्षा व्हायची. रात्री गावकरी जपान्यांच्या रेल्वेचे रूळ उपसून न्यायचे. त्यातल्या एका तुकड्यावर मामूंनी सहा महिने भाकऱ्या भाजल्या. दुष्काळाच्या वर्षी खानसाहेबांनी स्वतः खांद्यावरून शेणखत वाहिलं. पण "पाटी तिरकी धरायचे," असा मामूंचा शेरा होता.

त्यांची सर्वांत लाडकी लढाई म्हणजे चाळीस चुलींची. जपान्यांची पलटण खिंडीकडे येत होती आणि खानसाहेबांजवळ उरले होते साठ जण. त्यांनी मामूंना बोलावून डोंगरावर चाळीस चुली पेटवायला सांगितल्या. खालून धूर दिसला की वाटावं, वर दोन हजारांचं जेवण शिजतंय.

"चाळीस चुली, आणि एकीवर पण काय नाय! नुसतं पाणी. मी एकटा पळतोय, ह्या चुलीला फुंक, त्या चुलीला फुंक. जपानी दोन तास बघत उभा राहिला आणि मागं फिरला." मामू छाती काढत. "ती लढाई खानसाहेबांनी नाय जिंकली. मी जिंकली."

"चाळीस पातेली आणली कुठून?" हा प्रश्न पाटणकरांचा. पाटणकर आमच्या मेसचे सेक्रेटरी, बँकेत हेडक्लार्क. घरात ते बनियनवर पण टाय बांधून बसतील असं वाटायचं.

"गावातल्या बायांची, सायब. परत दिली. एक झाकण कमी भरलं, त्याच्यासाठी खानसाहेबांनी माफी मागितली."

पाटणकर नाक उडवायचे, पण दुसऱ्या दिवशी "रेल्वे लाइन कुठल्या गेजची होती?" असं विचारायचे. ऐकत सगळेच होते.

गोष्ट मात्र कधी पुरी होत नसे. सातव्या वर्षाच्या वसंतात खानसाहेबांची फौज एका खिंडीत पोचायची आणि मामू उठून भांडी गोळा करायला लागायचे. "पुढं?" आम्ही विचारायचो. "पुढं खलास," एवढंच म्हणून ते नळाकडे जात.

बासष्टच्या हिवाळ्यात चीनशी युद्ध झालं. आम्ही सगळे रेडिओला कान लावून बसायचो. बातम्या एकाहून एक वाईट. एका दुपारी मामूंनी सवयीने लिंबाच्या फोडी मांडायला घेतल्या आणि पाटणकरांनी ताट बाजूला सारलं.

"इब्राहिममियाँ, आजपासून या घरात चिनी जनरल बंद. आपले जवान तिकडे बर्फात मरताहेत आणि आपण इथे चिन्यांचं कौतुक ऐकत जेवायचं? धिस इज नॉट डन."

मामूंनी फोडी उचलल्या. "बरोबर हाय सायब," म्हणाले. त्यानंतर ते बोललेच नाहीत. वरण वेळेवर मिळू लागलं आणि कोणालाच ते गोड लागेना. मामूंचा हातही बिघडला. कालवण खारट, भात कच्चा. पाटणकर पाणी पिऊन पिऊन जेवायचे, पण माघार घेईनात.

त्यातच एक दिवस पाटणकर साखर शोधायला स्वयंपाकघरात गेले आणि भलताच डबा उघडून बाहेर आले. हातात मेणकापडात गुंडाळलेला, घडी पडून पिवळा झालेला कागद. त्यावर उभ्या ओळींत चिनी अक्षरं आणि खाली लाल शिक्का.

"पवार, मॅटर सीरियस आहे," ते कुजबुजले. "हे सरकारकडे पाठवावं लागेल."

मामू मासे घेऊन आले तेव्हा पाटणकर तो कागद पुढ्यात ठेवून खुर्चीवर बसले होते. मामूंच्या हातातून मासे खाली पडले.

"हे काय आहे?"

"मला वाचता येत नाय, सायब."

"कोणी दिलं?"

"खानसाहेबांनी."

"म्हणजे हेरगिरी."

मामू खाली बसले, मासे एकेक करून टोपलीत भरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी हेर नाय रे पवार. मी पळपुटा हाय."

मग त्यांनी खिंडीनंतरचं सांगितलं. तोफा चालू होत्या. खानसाहेबांनी त्यांना बोलावलं, हा कागद हातात दिला आणि म्हणाले, पूर्वेकडे जा, वाटेत आपली माणसं भेटतील त्यांना हा दाखव, आणि मी बोलावल्याशिवाय परत येऊ नकोस. मामू निघाले. दुसऱ्याच दिवशी कोणी सांगितलं, पुढची तुकडी कापली गेली. ते घाबरले. रस्ता सोडला. फौजेचा गुप्त हुकूम जवळ सापडला तर जपानी जिवंत सोडणार नाहीत, आणि आपल्यांपैकी कोणी विचारलं तर उशीर का झाला ते सांगता येणार नाही. त्यांनी कागद कमरेला बांधला आणि माणूस दिसला की लपायला लागले. दोन महिने शेतातले कच्चे मुळे उपटून खाल्ले. शेवटी समुद्र दिसला, एक गलबत मिळालं, आणि ते बसले.

"त्या कागदात मदत मागितली असंल," मामू म्हणाले. "पलटण बोलावली असंल. मी पोचवला नाय. खिंडीत किती मेले, अल्लाला ठाव. अठरा वर्सं झाली, फाडवत पण नाय, दाखवत पण नाय."

पाटणकरांनी कागद दोनदा उलटसुलट केला. "वाचून घेतलंच पाहिजे," ते म्हणाले, पण आवाजातला हेडक्लार्क कमी झाला होता.

त्या आठवड्यात आमच्या एजन्सीकडे हाँगकाँगहून आलेली एक बोट होती. दुबईला तेव्हा मोठ्या बोटी बाहेर खोल पाण्यात उभ्या राहत आणि माल छोट्या होड्यांतून, पडावांतून, आत येई. कागदपत्रं घेऊन मला लाँचने जायचंच होतं. मामूंना बरोबर घेतलं. पाटणकर म्हणाले, साक्षीदार हवा. ते कोट, टाय आणि नोंदवही घेऊन आले. खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत ते ताठ होते. त्यानंतर त्यांनी लाँचच्या कडेवरून जी मान खाली घातली ती बोटीची शिडी येईपर्यंत वर केली नाही. त्यांचा टाय मामूंनी खांद्यामागे टाकून धरला होता.

बोटीवरचा म्हातारा भंडारी उत्तर चीनचाच निघाला. मामूंनी अडखळत चिनीत दोन वाक्यं बोलताच तो इतका चकित झाला की हातातली सुरी खाली ठेवून त्यांच्याभोवती फिरून आला. मामूंनी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मजकूर चारच ओळींचा असेल. मामू ऐकता ऐकता बटाट्याच्या पोत्यावर बसले.

"काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" पाटणकर पेन सरसावून विचारत होते.

मामूंनी म्हाताऱ्याला परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला ते आम्हाला सांगू लागले, एकेक शब्द जपून ठेवावा तसं.

"लिवलंय, हा माणूस शिपाई नाय. स्वयंपाकी हाय. ह्याचं घर लांब हाय, समुद्रापलीकडं. जा म्हटलं तर जाणार नाय, म्हणून कामाला पाठवतो असं खोटं सांगितलंय. जो वाचेल त्यानं ह्याला समुद्राचा रस्ता दाखवावा. आणि पोटभर जेवायला घालावं. डुकराचं देऊ नये."

म्हातारा आत गेला आणि भात, अंडी आणि वाफाळलेली भाजी असलेला वाडगा घेऊन आला. त्याने तो दोन्ही हातांनी मामूंसमोर धरला. जनरलचा हुकूम त्याने वाचला होता, आणि वाचेल त्याने जेवायला घालायचं होतं.

मामू दोन घास जेवले आणि एकदम हसायला लागले. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना. "पवार! दोन महिने मी मुळे खाल्ले! कच्चे! आणि कमरेला जेवणाचा हुकूम!" म्हातारा हसला, मी हसलो. पाटणकरांनी नोंदवही मिटून खिशात घातली आणि समुद्राकडे तोंड केलं. आम्हाला वाटलं, परत उलटी आली. पण त्यांनी नुसता रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा पाटणकर घसा खाकरून म्हणाले, "मामू, ते चाळीस चुलींचं परत एकदा होऊन जाऊ द्या. पवारला नीट कळलेलं नाही." पाटणकरांचे इब्राहिममियाँ त्या दिवसापासून मामू झाले.

चार वर्षांनी मामू कायमचे गावी गेले. "घरी ह्यातलं कायच सांगितलं नाय," जाताना मला म्हणाले. "बायको सात वर्सं माझी वाट बघत होती, आणि मी तिला सांगू काय, की मी माझा जनरल सोडून पळालो? आता सांगीन. सावकाश, पहिल्यापासून."

दीड वर्षाने पाटणकर रजेवर गेले. मुंबईला उतरल्यावर स्वतःच्या घरी दोन दिवस थांबले आणि खजुराचा डबा घेऊन दाभोळकडे निघाले. तिथे पोचले तेव्हा मामूंना जाऊन वीस दिवस झाले होते. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं.

परत आल्यावर पाटणकरांनी हे आम्हाला सांगितलं. मामींनी त्यांना पडद्याआडून पाणी दिलं, ओटीवर बसवलं. गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मग म्हणाल्या, "रोज दुपारच्या नमाजानंतर थोडं थोडं सांगायचा तो मला. दुष्काळाच्या वर्सापर्यंत आला होता. खानसाहेब शेणखत वाहत होते. पुढं काय झालं, तुमाला ठावं हाय काय?"

पाटणकर लगेच निघणार होते. ते चार दिवस राहिले. रोज दुपारी ओटीवर बसून त्यांनी चिनी जनरलची लढाई सांगितली. चाळीस चुली, खिंड, कागद, बोटीवरचा म्हातारा. पहिल्या दिवशी मामी आणि त्यांचा मुलगा होते, चौथ्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

सगळं संपल्यावर मामींनी एवढंच विचारलं, "दोन महिने खाल्लान काय त्यानं?"

"कच्चे मुळे," पाटणकर म्हणाले.

पडद्याआड मामी हसल्या की रडल्या ते पाटणकरांना कळलं नाही.

"परत आला तवापासून घरात मुळा आणू देत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी आपली समजत होते, माझ्या हातचा त्याला आवडत नाय."