आईचा हात आणि माझा उजवा गाल

आधीचा आजार मला पाठ झाला होता. मल्टिपल स्क्लेरॉसिस, एमएस, म्हणजे आपलंच शरीर आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडतं. उन्हात गेलं की पाय जड होतात, दुपारी आडवं व्हावंच लागतं, डाव्या हातातून कप निसटतो. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी भांडून, रुसून, शेवटी जमवून घेतलं होतं. खाष्ट सासूबरोबर निभावतात तसं. आणि आता हे दुसरं, उजव्या गालात.

सुरुवातीला वाटलं, दाढ. दुसरं काय वाटणार? दात घासताना करंट बसल्यासारखी कळ यायची, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि क्षणात गायब. दाताच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेत काही नाही. ते नको नको म्हणत होते, पण मीच हट्टाला पेटले, काढाच म्हटलं. दाढ गेली. चांगली धडधाकट होती बिचारी. कळ होती तिथेच राहिली.

मेंदूच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं.

"म्हणजे एमएसच ना?"

"त्याच्यामुळेच झालं असणार. पण हे दुखणं वेगळं, औषधही वेगळं."

अहो, म्हणजे नक्की काय? एक आजार की दोन? मी परत परत विचारलं, त्यांनी परत परत समजावलं, आणि मला प्रत्येक वेळी कमीच कळलं. नव्या गोळीने गरगरायला लागलं. मग मी भिंत धरून चालतेय ती एमएसमुळे की गोळीमुळे? गंगापूर रोडवर जानेवारीतला वारा गालाला लागला की मी जागच्या जागी थिजायचे. स्कूटीवरच्या पोरींसारखी तोंडाला ओढणी गुंडाळून पाहिली, तर ओढणीच लागली. उघडा ठेवला तरी कळ, झाकला तरी कळ. आणि एखादा दिवस काहीच नाही! पोहे खा, गप्पा मार, तोंड धू, गाल गप्प. तेव्हा मला स्वतःचाच संशय यायचा. मी नाटक तर करत नाही ना?

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती दिंडोरीकडे खेड्यात, भावाजवळ असते. एमएस कळलं तेव्हा ती वणीच्या देवीला नवस बोलली आणि तेव्हापासून दर चैत्रात अनवाणी गड चढते. मधली काही वर्षं माझा आजार उसळला नाही तो देवीमुळे, हे तिचं पक्कं. इंजेक्शनांना श्रेय शून्य. आता हिला काय सांगू, देवीने एकाला दाराशी अडवलं आणि दुसरा खिडकीतून आला? तिचे गुडघे आधीच गेलेत. ऐकलं असतं तर ती आणखी एखादा नवस बोलून बसली असती, मी ओळखते ना तिला.

तर ती एक दिवस न सांगता आली, मेथीची पिशवी घेऊन. पिशवी दारातच टेकवली आणि नेहमीसारखे दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले. आमच्याकडे लेक भेटली की असंच. गालांवरून हात उतरवायचे आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची, म्हणजे लेकीची इडापिडा आपल्याकडे. त्या दिवशी बोटं मोडायची वेळच आली नाही. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी तिचे हात झटकले आणि ओरडले, "हात नको लावू!"

ती थबकली. "बरं बाई," म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली.

कळ ओसरेपर्यंत मी बाथरूममध्ये उभी होते. बाहेर आले तर ती खाली मान घालून मेथी निवडत होती. सांगावं की नको, हे माझं ठरेना, आणि ती दुपारच्या बसने निघूनही गेली. त्यानंतर फोनवर तुटक बोलायला लागली. मी चिडले. म्हटलं, दुखतंय मला आणि रुसते ही! नवऱ्याजवळ धुसफुसले तर तो म्हणाला, तिला सांगितल्याशिवाय तिला कळणार कसं? त्याचं बरोबर होतं, म्हणून आणखीनच राग आला.

पुढच्या खेपेला आई दारात थांबलीच नाही. चपला काढल्या आणि सरळ बेसिनकडे. नळ बराच वेळ चालू राहिला म्हणून मी बघायला गेले. माझा गुलाबाच्या वासाचा साबण घेऊन ती कोपरापर्यंत हात घासत होती. पुसले, हुंगले, परत साबण लावला. मग ते भेगाळलेले हात माझ्यासमोर धरून, जरा लांबूनच म्हणाली, "बघ गं, आता नाय ना येत वास? त्या दिशी कांद्याची पात कापली अन् तशीच बसले व्हते गाडीत. तुला किळस आली असंल."

अगं आई गं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. गाल, नस, फुकट गेलेली दाढ, नव्या आजाराचं नाव. तिने ऐकून घेतलं. देवीचं नावही काढलं नाही.

"मंग हे पहिल्यातलंच का येगळं?"

"मला पण कळत नाही, आई."

"हात लावला का दुखतं?"

"कधी दुखतं. कधी नाही दुखत."

"अन् आता?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. पण मला तो हात हवा होता, दुखलं तर दुखलं. मी तिचं मनगट धरून हात गालाकडे नेला. अगदी गालाशी आल्यावर तिने तो हिसडा मारून सोडवून घेतला.

"नको बाई," म्हणाली, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.