आजीच्या बोटाचा थेंब

मोहाडीकडच्या त्या म्हातारीचा चेहरा निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हटलेला नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिकडच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो, आणि नव्या फौजदाराला जिथे तिथे खूनच दिसतो.

एका सकाळी गावचा पोलीस पाटील खबर घेऊन आला. तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला असलेल्या एका माणसाची बायको आणि पाच वर्षांची मुलगी आठ दिवसांपासून गावात दिसत नव्हत्या. नवरा म्हणे, माहेरी गेली. पण बायकोचा भाऊ मोहाडीच्या बाजारात भेटला, तो म्हणाला, आमच्याकडे आलीच नाही. मी मिसिंगची नोंद घेतली, नवऱ्याला चौकशीला ठाण्यात बसवलं आणि गावतळ्यात जाळी टाकायला माणसं लावली.

नवरा दुसऱ्या दिवशी फुटला, पण सांगितलं ते भलतंच. दोन महिन्यांपूर्वी मुलगी बैलबंडीवरून पडली होती. पायाच्या ऑपरेशनला रक्त लागणार म्हणून आईबापाचं तपासलं. बापाचं ए, आईचं बी, मुलीचं ओ. रक्त तिसऱ्याच कुणाचं मिळालं, मुलगी वाचली. पण मिलमधल्या एका दीडशहाण्यानं याच्या कानात भरवलं, ‘ना तुयं, ना तिचं, मंग हे रक्त आलं कुठून?’ तेव्हापासून घरात रोज कटकट.

“मी म्हटलं, हे रक्त मले घरात नोको. कामावरून आलो तं दोघी घरात नाही, मायले पुसलं तं तिलेबी ठाऊक नाही. बेइज्जती नोको म्हणून माहेरी गेली सांगितलं. साहेब, मी मारलं नाही,” तो रडत म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. असं सगळेच म्हणतात.

घराच्या झडतीत माझ्या जुन्या हवालदाराला एक गोष्ट खटकली. मुलीच्या पायाचं मलम, पट्ट्या, दवाखान्याचा कागद, काहीच घरात नव्हतं. “साहेब, तळ्यात ढकलणारा माणूस मलमाची डबी सोबत बांधून देत नाही,” तो म्हणाला. त्याचं ऐकण्याची अक्कल मला तेवढ्यापुरती सुचली, हे नशीबच.

घरात उरलेलं माणूस एकच, नवऱ्याची आई. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“आजी, पट्ट्या कोणी बांधून दिल्या?”

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “मीच. नाकाडोंगरीले माया बहिणीकडं पाठवलं दोघीले. पोरगा रागानं पागल होऊन राहिला होता. त्याच्या हातून काही होऊन गेलं असतं तं?”

“आणि तो कालपासून ठाण्यात बसलाय, तरी तुम्ही गप्प?”

“ठाण्यात हाय तं बराच हाय. तिथं त्याचा हात कोणावर उठत नाही.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. नाकाडोंगरीला खात्री करायला शिपाई धाडून आणि जाळी आवरायला सांगून मी निघालो, तर म्हातारीनं अडवलं. “साहेब, तुमचं काम झालं. मायं नाही झालं. आता सुनेले घरी आणू कशी?”

म्हणून मायलेकांना घेऊन मी भंडाऱ्याला एका ओळखीच्या लॅबवाल्याकडे गेलो. त्यानं शांतपणे समजावलं. रक्तगटाचे दोन वाटे असतात, एक आईकडून, एक बापाकडून. ए किंवा बीच्या सोबत ओचा वाटा असला, तर तो तपासणीत दिसत नाही, दबून राहतो. दोघांचेही दबलेले वाटे मुलीकडे आले, की मुलगी ओ.

“मायात ओ हाय, हे कशावरून?” नवऱ्यानं विचारलं. प्रश्न चोख होता. लॅबवाला म्हातारीकडे वळला.

तिनं पदर सारून अख्खा हात पुढे केला. “घ्या, लागल तेवढं घ्या.” त्यानं बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतले, औषध मिसळलं. ए नाही, बी नाही. ओ!

“आईकडे ओच्या दोन वाट्यांशिवाय दुसरं काही नाही. तुला तिनं दिला तो ओच,” लॅबवाला म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, यावरून बाप कोण हे सिद्ध होत नाही. पण रक्तगट दाखवून सुनेवर बोट ठेवायला आता जागा नाही.” एवढी सचोटी मी कोर्टातल्या साक्षीदारांतही क्वचित पाहिली.

म्हातारीला इतकंच कळलं, की नातीचं आणि तिचं रक्त एक. ती लेकाकडे वळली.

“हे रक्त घरात नोको म्हणत होता ना? मंग पहिले मले काढ.”

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. नाकाडोंगरीला तो स्वतः गेला, पण सून त्याच्यासोबत आली नाही. सासू न्यायला येईल तेव्हाच येईन, असा निरोप तिनं धाडला. म्हातारी दुसऱ्याच दिवशी निघाली.

पुढे बढत्या मिळाल्या, मोठे गुन्हे उघडकीस आणले, हारतुरेही झाले. पण आम्ही पोलीस बहुधा घडून गेल्यावर पोहोचतो. ती अडाणी बाई घडण्याआधी पोहोचली होती, तेही पोटच्या पोराच्या वाटेत उभी राहून. तिच्या जबाबावर अंगठा घेताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

मिसिंगच्या रजिस्टरात त्या दोघींच्या नावापुढे मी ‘मिळून आल्या’ असं लिहिलं. म्हातारीनं मलमाची डबी बांधून दोघींना वेळेवर धाडलं नसतं, तर त्या रकान्यात मला काय लिहावं लागलं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.