काकूंचा तळपाय आणि सिद्धीची पीएच.डी.

न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हटच्या मराठी मंडळात एखाद्याचं पोर मेडिकलला लागलं की त्याच दिवशी ते डॉक्टर होतं. पास व्हायची वाट कोण बघतो! जगदीश आणि सुरेखाची सिद्धी लांब दक्षिणेला डनेडिनला मेडिकलला गेली, आणि ती सुट्टीत घरी आली की आम्ही रिपोर्ट घेऊन हजर. मीही माझा थायरॉइड तिच्यापुढे ठेवला होता, खोटं कशाला बोलू. पोरगी भिडस्त. मोठ्या माणसांना "मला माहीत नाही" म्हणणं तिला जमायचंच नाही.

दोन हजार सहाच्या गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये आरती आटोपली आणि मंडळातल्या प्रमोदिनीकाकूंनी तिला कोपऱ्यात गाठलं. मोजा काढून तळपाय दाखवला. टाचेजवळ काळा डाग होता. "बघ गं, काय असेल हे?" सिद्धीच्या हातात मोदकाची ताटली, अंगावर आठदहा जणांच्या नजरा. ती म्हणाली, "काही नाही काकू, रक्त साकळलं असेल." काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आणखी एक मोदक घेतला.

पुढच्याच महिन्यात वर्गातल्या पडद्यावर एक तळपाय आला. तसाच डाग. गोऱ्यांचा आजार म्हणून आपण जो सोडून देतो तो कातडीचा कॅन्सर आपल्यासारख्यांना कधीकधी तळपायालाच होतो, असं सर सांगत होते. त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. फोन उचलायची आणि ठेवून द्यायची. काकूंना काय सांगणार? आणि झालंच असेल तर?

तिच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षानंतर मेडिकल मध्येच थांबवून पीएच.डी. करता यायची, शेवटी पदव्या दोन्ही. हुशार मुलं हौसेने अर्ज करतात. सिद्धीने केला तो भीतीने. तीन वर्षं प्रयोगशाळा आणि उंदीर. उंदीर काही मोजा काढून "बघ गं" म्हणत नाही. इकडे जगदीशची छाती फुगली, "दोनदा डॉक्टर!" सुरेखाला लग्नाची काळजी लागली. खरं कारण दोघांच्या गावीही नव्हतं.

मुलाखतीला एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी सरळ विचारलं, नुसतं मेडिकल का नको? सिद्धीने उत्तर घोकून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. तिने सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. तुझे मार्क चांगले आहेत, जागा तुझीच आहे, म्हणाल्या. मग टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "पण आधी हा."

"काकू, तो डाग कोणाला दाखवलात का?"

"अगं, आमच्या जीपीची, नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतलेली, पण तू सांगितल्यावर कॅन्सलच केली. का गं?"

"काकू, मला माहीत नव्हतं. तरी मी बोलले. प्लीज, उद्याच जा."

काकू बारीक आवाजात म्हणाल्या, "तू येशील बरोबर? घाबरले की मला ह्या डॉक्टरांचं इंग्लिश डोक्यात शिरत नाही."

सिद्धी विमानाने आली. जीपीने पाय पाहिला आणि लगेच हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी डाग भिंगातून पाहिला आणि जपून जपून बोलले. काकू त्यांच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या सिद्धीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"काय म्हणाले?"

"काकू, कॅन्सर असू शकतो. काढून तपासायला लागेल, लगेच. किती खोल गेलाय ते नंतर कळेल."

काकूंनी मोजा चढवला, तोही उलटा. "तू पण घाबरलीस का गं?"

"हो काकू. हीप्स. खूपच."

"मग बस इथे. हात दे."

सिद्धी बसली. पीएच.डी.ची जागा तिने दुसऱ्या दिवशी नाकारली. काकूंचा रिपोर्ट तोवर आलाही नव्हता.