पडवीतली शर्यत

आमच्या पडवीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी आहे. पारगावच्या बाजूला उसातली घरं आता अशीच असतात. बिबट्या मोकळा आणि माणसं पिंजऱ्यात, असं आम्हीच पाहुण्यांना हसून सांगतो. मला मात्र त्या जाळीचा वीट आलाय. दिवेलागणीला कडी लावायची, उजाडल्यावर काढायची, आणि जे काय जगायचं ते दिवसाउजेडी, तेही कान टवकारून.

माझी मुलगी वाढली ती याच्या अगदी उलट जागी. नवरा सैन्यात, बदली बर्फाच्या डोंगरात. तिथल्या शाळेत तिला स्कीइंगचा नाद लागला. सासूबाई एकट्या पडल्या म्हणून मी गावी परतले, ती बापाकडंच राहिली. या हिवाळ्यात जगभरच्या शाळकरी वयाच्या खेळाडूंची परदेशात बर्फातली स्पर्धा झाली, त्या स्पर्धेला आपल्या देशाचा संघ गेला. संघ कसला, चार पोरं! त्यातली एक आमची. बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत खाली यायचं, एक काठी चुकली की बाद. मागच्या वर्षी याच खेळात पडून तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. निघताना फोनवर म्हणाली, "आई, नंबरबिंबर काही नाही. मला फक्त न पडता खाली यायचंय." देवाकडं मीही तेवढंच मागत होते.

शर्यत सकाळची होती आणि मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात. माझे चुलत दीर सकाळी सकाळी पेढे आणि फटाक्यांची माळ घेऊन हजर झाले. "वहिनी, पोरगी जिंकली की हितंच उडवायची. पार मंचरपत्तुर आवाज गेला पायजे."

"भाऊजी, जिंकायचं नाहीये. उतरायचंय," मी म्हटलं. ते "हा, हा" म्हणाले, म्हणजे त्यांनी ऐकलं नाही.

एवढ्यात मागच्या उसात तोडणी चालली होती, तिथून आरडाओरडा झाला. "बिबट्या! घराच्या अंगाला गेला!" तोडणीवाले ट्रॅक्टरकडं पळाले. भाऊजींनी धाडकन कडी लावली आणि वनखात्याला फोन केला. गाडी निघालीय, तोवर कुणीही बाहेर पडू नका, असं तिकडून सांगितलं. बिबट्याला हुसकायला वस्तीवरच्या घराघरांतून ताटं वाजायला लागली. सासूबाईंनीही परात आणि उलथनं घेतलं.

मी कोपऱ्यात जाळीला टेकून मोबाईल धरला. अंगणात धुकं, त्यापलीकडं सासूबाईंच्या शेळ्यांचा गोठा, आणि हातातल्या इवल्याशा पडद्यावर बर्फ. आपल्याच संघातली दुसरी मुलगी तिसऱ्या वळणावर आपटली आणि तिथंच बसून राहिली. पाय मोकळे करायला अंगणात एक चक्कर मारावी, तर तेही नाही. माझ्या पाठीला भाऊजी, भाऊजींच्या पाठीला सासूबाई.

शेळ्या एकदम ओरडायला लागल्या. गोठ्याच्या कुडाजवळ धुक्यात काहीतरी हललं. भाऊजींनी काडेपेटी काढली.

"भाऊजी, आत्ता नको! आता तीच येणार!"

"वहिनी, शेळ्या जात्याल!"

खरं सांगते, त्या क्षणी मला शेळ्यांचं काहीही पडलेलं नव्हतं. पण शेळ्या सासूबाईंच्या. "पेटव रं," त्या म्हणाल्या. "शेळ्या वाचल्या तरच पेढं ग्वाड लागत्याल."

पडद्यावर ती दिसली. डोक्यावर हेल्मेट, हातात काठ्या. तिनं दुखऱ्या गुडघ्यावर एक थाप मारली. आणि इकडं भाऊजींनी माळ पेटवून बाहेर फेकली ती जाळीत अर्धी अडकली. पडवीभर धूर आणि धडाडधूम. डोळ्यांतून पाणी, घशात खोकला, त्यात सासूबाई माझ्या पायावर. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर भलत्याच देशाची मुलगी खाली येत होती.

"पडली का? कुणी बघितलं का?" मी ओरडले. कुणीच बघितलं नव्हतं. बिबट्याही पुन्हा उसात गेला होता. मी दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवली. त्या जाळीचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

बऱ्याच वेळानं तिचा व्हिडिओ कॉल आला. नाक लालबुंद. "आई, उतरले मी! पाहिलंस ना?"

मला रडू फुटलं. मध्येच भाऊजींनी डोकं घातलं. "नंबर कितवा गं?"

"शेवटून चौथा, काका."

भाऊजी हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडं बघत राहिले. "पडली न्हाईस ना?" सासूबाईंनी मागून विचारलं. ती नाही म्हणाल्यावर त्यांनीच पुडा ओढून घेतला, सोडला आणि पुन्हा परात बडवायला लागल्या.

"आणि हे वाजतंय काय?" पोरीनं विचारलं.

"बिबट्या आलाय. आमी कोंडलोय," भाऊजी म्हणाले.

ती हसली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, शेवटचं वळण त्याच गुडघ्यावर भार देऊन घेतलं. तेवढं तरी पाहिलंस ना?"

"नाही गं बाई. काहीच दिसलं नाही. सगळा धूर झाला."

तिनं फोन कशाला तरी टेकवला आणि हातमोजे काढले. "कुणाला बाहेर जाता येत नाही ना? मग बसा. सांगते."

तिनं तळहात तिरका धरला आणि पहिल्या काठीपासून सुरुवात केली. इथं बर्फ कडक, इथं वजन डाव्या पायावर, इथं जवळजवळ गेलेच होते. तिचा हात वळला की भाऊजी खांद्यासकट वळत होते. सासूबाईंची परात कधी थांबली कळलंही नाही.

वनखात्याची गाडी अंगणात आली. गार्डनं जाळीवर टकटक केलं. "ताई, कडी काढा. गेला तो वढ्याकडं."

सकाळपासून त्या कडीसाठी माझे हात शिवशिवत होते. मी त्याच्याकडं न बघताच म्हटलं, "थांबा जरा, दादा. पोरगी अजून निम्म्यावरच आहे."