‘गा’च्या जागी ‘वं’

मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. काहून सोडू? ज्यानं आमचं गाणं नेलं त्यानं काही सोडलं होतं का? शब्द नेले, चाल नेली, वर माझ्याच हातून ते शब्द स्वच्छ अक्षरात लिहून घेतले.

ऐंशी साल उलटून गेलेलं. डिस्कोनं नागपूरलाही धरलं होतं. महाल भागात पानठेल्यावर डिस्को, लग्नाच्या बँडमध्ये डिस्को, गणपतीसमोर सुद्धा डिस्को. आम्ही विणकर माणसं. घरात हातमाग होता आणि त्यावर माझा मोठा भाऊ बसायचा. धोटा इकडून तिकडे गेला की खट, फणी ओढली की धप. त्या खट-धपवर तो दिवसभर तोंडानं काहीबाही वाजवत राहायचा. एक दिवस मी बाजूला बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती, आणि त्याच्या तालावर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काहून गा काहून, चालला मले न पाहून.’ फटफटीवरून भुर्रकन निघून जाणाऱ्या पोराला रस्त्यातली पोरगी विचारते आहे, असं ते. भावानं माग थांबवला आणि म्हणाला, पुन्हा म्हन. संध्याकाळपर्यंत तीन कडवी उभी राहिली. शब्द माझे, चाल त्याची.

मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात गायची. त्याचा मालक पुण्याकडचा, आम्ही त्याला सर म्हणायचो. नागपुरात येऊन सहा वर्षं झाली होती, तरी आमची बोली ऐकली की नाक मुरडायचा. माझ्या तोंडून ‘मले’ गेलं की हा माइकवरच ‘मला, मला’ करून दुरुस्त करायचा आणि वादक हसायचे. मीही हसायची, करता काय. पण एका कार्यक्रमात आम्ही ‘काहून गा’ म्हटलं आणि पब्लिक खुर्च्यांवर उभी राहिली. तीनदा वन्स मोअर झाला. दुसऱ्या दिवशी सर स्वतः आमच्या घरी आले, मागाशेजारी मांडी घालून बसले. याची कॅसेट निघाली पाहिजे म्हणाले. कव्हरवर गायिका म्हणून माझं नाव, संगीतकार म्हणून भावाचं. भावाला इतका आनंद झाला की त्या दिवशी तो धड जेवलाही नाही.

गाणं टेप करून सर मुंबईला गेले आणि दोन महिन्यांनी छापलेलं कव्हर घेऊनच परत आले. त्यावर मुंबईच्या एका पोरीचा फोटो, खाली गायिका म्हणून तिचं नाव, आणि शब्द-संगीत म्हणून सरांचं स्वतःचं. मी कव्हर उलटून पाहिलं, वाटलं आमची नावं मागे असतील. मागे कोरं होतं. सर गोड आवाजात सांगू लागले की कंपनीला तुझा आवाज गावठी वाटला, पुढच्या कॅसेटला पाहू. भावानं मान वर केली नाही. फक्त म्हणाला, नाव नाई तं नाई, चाल तं वाजन ना सगळीकडे. आणि उठून मागच्या अंगणात निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेवढ्यात या माणसानं खिशातून कागद काढला. म्हणे मुंबईच्या पोरीला टेपवरचे शब्द कळत नाहीत, तू जरा स्वच्छ लिहून दे. लाज कशाशी खातात ते याला माहीतच नव्हतं. वर विचारतो काय, तर हे सारखं ‘गा, गा’ काय आहे? स्टुडिओत सगळे हसतात, म्हणतात ती स्वतःच गाते आहे, मग दुसऱ्या कोणाला गा म्हणून सांगते?

मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना ‘गा’ म्हणतात आणि बाईला ‘वं’. शेंबडं पोरगंही यात चुकत नाही. सहा वर्षं इथलं खाऊन-पिऊन या माणसाला तेवढं कळलं नव्हतं, कारण आम्ही बोलायचो तेव्हा तो ऐकायचाच नाही, नुसता दुरुस्त करायचा. म्हटलं थांब, आज मी दुरुस्त करते.

“सर, ‘गा’ जरा अडाणीच वाटते,” मी म्हटलं. “शिकलेले लोक ‘वं’ म्हणतात. ‘वं’ टाकून पाहा, कानाले गोड लागते.”

सर खूश झाले. बघ, आता कसं डोकं चालतंय तुझं, म्हणाले. मी पाटावर कागद ठेवला आणि ठळक अक्षरात गाणं लिहून दिलं. जिथं जिथं ‘गा’ होता तिथं ‘वं’. ‘थांब ना गा’चं ‘थांब ना वं’ झालं. भावाला मी यातलं काही सांगितलं नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कोणालाच सरांनी रेकॉर्डिंगला सोबत घेतलं नाही, वादकही मुंबईचेच. म्हणून चूक सांगायला तिथं नागपूरचं माणूस नव्हतं. मी वाट पाहत राहिली. भाजी चिरता चिरता एकटीच हसायची.

कॅसेट निघाली तो कार्यक्रम नागपुरातच झाला, संध्याकाळी, एका मोठ्या हॉलमध्ये. भावानं इस्त्रीचा सदरा घातला होता. आम्ही मधल्या रांगेत बसलो. रंगीत दिवे फिरले, धूर सोडला, चंदेरी कपड्यातली ती पोरगी आली. संगीत सुरू झालं आणि भावाची बोटं आपोआप मांडीवर ताल धरू लागली. मग स्टेजवर फटफटी ढकलत हिरो आला. चांगला उंचापुरा, या मोठ्या मिशांचा. पोरीनं त्याच्याकडे बोट केलं आणि गायली, ‘काहून वं काहून, चालला मले न पाहून.’

मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, मिशीवाली बाई पाहा बे!” मग काय विचारता. माणसं पोट धरून हसत होती. दुसऱ्या कडव्याला आख्खा हॉलच त्या मिशीवाल्याला ‘थांब ना वं’ म्हणून ओरडू लागला. पोरगी रडत आत पळाली. तिची तेव्हा मला दया आली नाही, आता थोडी येते. सर विंगेत पांढरेफटक उभे होते. त्यांना अजूनही कळलं नव्हतं लोक कशाला हसून राहिले ते. तो चेहरा मी डोळे भरून पाहिला. तसं सुख मला माझ्या लग्नातही झालं नाही.

विदर्भाबाहेर त्या बोलीतल्या गाण्याला विचारणार कोण, आणि विदर्भात ते हसण्यावारी गेलं. दुकानदारांनी कॅसेटी परत केल्या. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सर आमच्या दारात. कोणीतरी त्यांना ‘गा’ आणि ‘वं’ समजावून सांगितलं असावं. भाऊ मागावर बसला होता. त्याच्यासमोरच ते माझ्यावर ओरडले की तू मुद्दाम केलंस, माझं नाव मातीत घातलंस.

“तुम्हीच तं मले दुरुस्त करत होते, सर,” मी म्हटलं. “मले वाटलं, तुम्हाले सगळं येते.”

ते गेले. महिन्याभरात ऑर्केस्ट्रा गुंडाळून नागपूरही सोडलं. पण त्या सकाळी, ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले तेव्हा, मी हसत हसत भावाकडे वळली. वाटलं आता तो म्हणेल, बरी जिरवली. त्याचा माग बंद होता.

“काहून केलं वं असं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, त्यानं तुझं नाव खाल्लं, म्हणून केलं. तुझ्यासाठीच केलं.

“नाव गेलंच होतं,” तो म्हणाला. “चाल राहिली होती. लोक आयकणार होते. आता ते वाजली का लोक हसतात.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढं कित्येक दिवस गल्लीतली पोरं एखाद्याला चिडवायचं असलं की तीच चाल म्हणायची, ‘वं’ लावून. ती कोणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ शेजारून खाली मान घालून जायचा.

सरांना मी आजही माफ केलेलं नाही. उद्या पुन्हा तोच कागद समोर आला तर पुन्हा ‘वं’च लिहीन. फक्त लिहायच्या आधी अंगणात जाऊन भावाला विचारीन. तो नाही म्हणाला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नव्हतं. त्यानंतर माझ्यासमोर त्यानं कधी नवी चाल लावली नाही.