रुईवरची माडी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय—पण सुरुवात कुठून करू?

त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव होता. अकोल्याच्या एका शेठनं आपल्या कापसाच्या आवारात तारघर आणवलं आणि मी तिथला तारबाबू झालो. मुंबईची तार आणि अमरावतीची तार एका फळीवर येत. पितळी खुंट्या बदलून मी त्या एकमेकींना जोडायचो. ती फळी कुठे लावायची, हे माझ्यावर होतं. तारखात्याचा साहेब एवढंच म्हणाला होता—रुईपासून, सरकी काढलेल्या कापसापासून, लांब. विहिरीजवळ दगडी खोली रिकामी होती. पण कोंदट. गोदामाच्या माडीवर छान वारा यायचा. खाली छतापर्यंत रुई. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पडलेली वीज तारेवरून आत शिरते, हे मी शिकलो होतो.

मी माडी निवडली.

चैत्रातल्या एका दुपारी अवकाळी आभाळ दाटलं. लांब, गावाबाहेर तारेवर वीज पडली. फळी फुटली, जळते तुकडे माडीच्या फटींतून रुईवर पडले. गोदाम भडकलं. मी धुरात कोसळलो. हमालांचा मुकादम गणपत वर चढला आणि मला पाठीवर घालून खाली आला. त्याचे केस जळत होते.

"आग कोणी लावली?" शेठ ओरडला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी—मी गणपतकडे बोट केलं. म्हणालो, "हा वर चिलीम ओढत होता."

लोक तुटून पडले. लाठ्या, गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"म्या काई केलं नाई जी! बाबू, सांगा ना याईले!"

दोघं-चौघं थांबले, माझ्याकडे वळले. तेव्हा मी पुढे झालो—आणि त्याच्या तोंडावर लाथ घातली. ते पुन्हा सुरू झाले. तो पुन्हा बोलला नाही. तिथेच गेला.

त्याची बायको धावत आली. प्रेताजवळ बसली नाही. आधी माझ्याकडे आली.

"बाबू, आग माया घरधन्यानंच लावली काय जी?"

मी म्हणालो, "हो."

तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या वतीनं माफी मागत होती.

मी पाय मागे घेतले नाहीत.