गाडीत काही घातलंय का?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ऋजुतालाही नाही. बायकोपासून मी काही लपवू शकतो यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवणार नाही, कारण वाढदिवसाचा केक लपवला तरी माझा चेहरा आधी सगळं सांगून टाकतो. पण हे लपलं. सहा वर्षं लपलं. गोष्ट गाडीच्या एसीची आहे — हसू आलं ना? एसीत गॅस भरला, एवढंच तर. मग ते सांगायला मी इतके आढेवेढे का घेतोय?

मी राहतो बाड हॉम्बुर्गला, फ्रँकफर्टच्या शेजारी, आणि काम करतो गाड्यांच्या एसीचं. म्हणजे — इथेच पहिली गोम आहे. मी एसी कॉम्प्युटरवर करतो. कुठल्या जाळीतून किती हवा येईल, मागच्या सीटवरचा माणूस किती मिनिटांत गार होईल, त्याची गणितं मांडतो. खऱ्या गाडीचं बॉनेट मी काच पुसायचं पाणी घालण्यापुरतंच उघडलेलं. पण इथल्या मराठी मंडळात माझी ओळख 'एसीवाले'. कुणाची गाडी गार होत नसली की मला फोन यायचा, आणि मी गंभीर आवाजात दोन प्रश्न विचारून 'कॉम्प्रेसर बघून घ्या' असं सांगायचो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

२०१३ च्या जुलैत इथे भयंकर उकाडा झाला. घरांत एसी नाही, दुकानांत पंखे शिल्लक नाहीत, आणि नेमके त्याच आठवड्यात माझे सासू-सासरे पुण्याहून येणार होते. नेमका त्याच आठवड्यात आमच्या जुन्या कोंबीचा, म्हणजे स्टेशन वॅगनचा, एसी गरम हवा टाकायला लागला. एसीवाल्यांच्या गाडीचा एसी! त्या गाडीचा मला इतका संताप आला की मी पार्किंगमध्ये तिच्या चाकाला लाथ मारली आणि पायाचं बोट दुखावून घेतलं.

नेहमीच्या वर्कशॉपला फोन केला. बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांनंतरचा टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळेल. मी सासऱ्यांचं वय सांगितलं, उकाडा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तीच तारीख सांगितली. टर्मिन हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. पुण्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजात गाडी लावायची, 'गॅस भर रे' म्हणायचं, चहा होईपर्यंत गाडी गार. गॅस कुठून गेला हे कोण विचारतो? पुढच्या उन्हाळ्यात परत भरायचा. इथे मात्र आधी गळती शोधायची, जुना गॅस यंत्रानं खेचून काढायचा, नळ्या निर्वात करायच्या, मग नवा गॅस ग्रॅमवर मोजून भरायचा — आणि तेही सर्टिफिकेट असलेल्या माणसानंच. हे सगळं का करतात ते मला ठाऊक होतं. माझं शिक्षणच त्यातलं. तरी मला ते सगळे फक्त नखरे वाटत होते.

ऋजुता म्हणाली, मिलिंदला विचार ना. मिलिंद वाघमारे आमच्याहून दहा वर्षांनी लहान. कायझर्सलाउटर्नला शिकून फ्रँकफर्टच्या एका संशोधन संस्थेत लागला होता. तो इव्हो नावाच्या क्रोएशियन मेकॅनिकच्या घरी, वर्कशॉपच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. भाडेकरू म्हणायचं एवढंच, रविवारी जेवायला तो त्यांच्याच टेबलावर असायचा. इव्होची बायको त्याच्यासाठी तिखट वेगळं आणून ठेवायची. संध्याकाळी मिलिंद खाली अंगणात स्वतःची खटारा गाडी उघडून बसायचा आणि इव्हो त्याला हत्यारं द्यायचा. परक्या देशात एवढं मिळायला नशीब लागतं.

मला मिलिंदला विचारायचं नव्हतं. का? कारण विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं की हे मला येत नाही. एवढंच कारण. दुसरं काही शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

म्हणून मी इंटरनेटवरून एक डबा मागवला. रबरी नळी, छोटा काटा आणि आत गॅस. सोबत — हे लक्षात ठेवा — गळती बुजवणारं रसायन. म्हणजे नळीला बारीक भोक असेल तर ते तिथे जाऊन घट्ट होणार. डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे फक्त प्रमाणित व्यक्तींनीच वापरावं. इमारतीच्या पार्किंगमध्ये असले उद्योग चालत नाहीत, शेजारी लगेच विचारतात, म्हणून मी टाउनुसच्या डोंगरात, जंगलापाशी असलेल्या पार्किंगमध्ये गेलो. इंजिन चालू ठेवून, मोबाइलवर व्हिडिओ बघत, घाम पुसत डबा रिकामा केला. किती ग्रॅम गेलं? देव जाणे. पण हवा गार झाली! मी एकटाच गाडीत बसून जाळीसमोर तोंड धरलं आणि शाळकरी पोरासारखा खूश झालो.

विमानतळावरून घरी येताना सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, वा, जावयाची गाडी म्हणजे महाबळेश्वर. स्वतः दुरुस्त केली, असं मी सांगून टाकलं, आणि घरी पोचताच त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं की आमच्या जावयांनी स्वतः दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी हवा पुन्हा गरम झाली. अण्णांना मागच्या सीटवर घेरी आली, सासूबाई ओल्या रुमालानं त्यांचं कपाळ पुसत राहिल्या. तेव्हा ऋजुतानं मला न विचारता मिलिंदला फोन लावला. त्यानं इव्होकडे शब्द टाकला, आणि शनिवारी सकाळी टर्मिन-बिर्मिन काही न लागता इव्होनं गाडी आत घेतली.

अण्णा हट्टानं बरोबर आले होते. त्यांना जर्मन वर्कशॉप बघायचं होतं. इव्होनं एसीचा गॅस खेचायचं-भरायचं आपलं क्लिमा-यंत्र ढकलत आणलं, नळ्या जोडण्याआधी हात पुसले आणि मला विचारलं की या गाडीत आधी कुणी काही घातलंय का, डब्यातलं, गळती बुजवणारं वगैरे. ते यंत्रात ओढलं गेलं तर आत घट्ट होतं आणि यंत्र जातं, म्हणून तो प्रत्येकाला विचारतो. मिलिंद शेजारीच होता. अण्णांना एकटं वाटू नये म्हणून त्यानं तो प्रश्न त्यांना मराठीत सांगितला.

अण्णा माझ्याकडे बघून हसले. अभिमानानं. स्वतः दुरुस्त केली म्हणजे नेमकं काय केलं ते त्यांना कुठे ठाऊक होतं? आता जावई या गोऱ्याला काहीतरी शास्त्रीय सांगणार, अशा तयारीत ते उभे होते.

"नाइन, गार निश्ट्स," मी म्हणालो. आणि अण्णांसाठी मराठीतही म्हणालो, "नाही, काहीच नाही."

इव्होनं मान डोलावली. नळ्या जोडल्या. यंत्र घरघरायला लागलं आणि माझ्या गाडीतलं सगळं आत ओढू लागलं. तेव्हाही मी थांबवू शकलो असतो — हात वर करून एक शब्द बोलायचा होता. मी अण्णांना यंत्रावरचे आकडे समजावून सांगत बसलो. इव्होनं गळकी नळी बदलली, गॅस मोजून भरला. माझ्या गाडीनंतर, तेच यंत्र लावून, त्यानं मिलिंदच्या गाडीतही गॅस भरून दिला.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. नाही हो. इथवर नुसता भित्रेपणा होता. खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे.

दोनच दिवसांनी, सोमवारी, इव्होचा फोन आला. यंत्र बंद पडलं होतं, ऐन उन्हाळ्यात, दारात गाड्या उभ्या असताना. तुम्ही यातले तज्ज्ञ आहात, जरा येऊन बघाल का, असं त्यानं अगदी अदबीनं विचारलं. मी गेलो. त्यानं यंत्र उघडून ठेवलं होतं. आतल्या झडपेवर पिवळट, चिकट काहीतरी बसलं होतं, वाळलेल्या डिंकासारखं. काय आहे ते आम्हा दोघांनाही कळत होतं. शुक्रवारपर्यंत यंत्र ठीक होतं. त्या शनिवारी दोनच गाड्या लागल्या होत्या, माझी आणि मिलिंदची. त्यानंतर एकही नाही. इव्होनं माझ्याकडे संशयानं पाहिलंसुद्धा नाही. एसीचा इंजिनिअर असलं काही करेल का? मग त्यानं हळूच विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हणालो, "मिलिंद बास्टेल्ट या फील."

म्हणजे — मिलिंद काय, खटपटी फार करतो. बस, चार शब्द. खोटं तर एकही नव्हतं त्यात. तो करायचाच खटपटी. पण मी ते का बोललो, कुठे उभा राहून बोललो, समोर काय उघडं पडलेलं असताना बोललो? इव्होनं फडक्यानं झडप झाकली. "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाला, आणि मला कॉफी विचारली. मी ती प्यायलोसुद्धा.

पुढचं मला मिलिंदकडून कळलं. इव्होनं त्याला ओरडून काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, घातलं असशील तर सांगून टाक, विषय संपला. मिलिंद म्हणाला, घातलेलं नाही. इव्होला वाटलं पोरगा खोटं बोलतोय, आणि मिलिंदला वाटलं, इतकं जेवून-खाऊनही यांना मी खोटारडा वाटतो. दोघंही प्रामाणिक, दोघंही हट्टी. रविवारची जेवणं थांबली. सप्टेंबरमध्ये तो आमच्याकडे आला. स्वयंपाकघरात बसला, चहा तसाच गार झाला. त्यानं माझ्याकडे काही मागितलं असं तेवढंच.

"दादा, तुम्ही एकदा इव्होशी बोलाल का? तुमचं ऐकेल तो. मी नाही हो घातलं काही."

ऋजुता माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं, मी लगेच गाडीची किल्ली उचलेन.

"सोड रे," मी म्हणालो. "कशाला वाढवतोस?"

ऑक्टोबरात त्यानं ती खोली सोडली. फ्रँकफर्टमध्ये दुसरी खोली मिळेना, म्हणून तो मित्रांच्या आधारानं कायझर्सलाउटर्नला गेला आणि रोज पहाटेची गाडी पकडून येऊ-जाऊ लागला. मंडळात विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाले, "शेवटी काय हो, ते लोक..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. उरलेलं सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी समोरच्या ताटलीतली भजी उचलली आणि दुसरा विषय काढला. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्या तोंडात मिलिंदचं नाव इतक्या सहज का आलं? नुसतं तो खटपट्या होता म्हणून? त्याचं आडनाव वाघमारे नसून माझ्यासारखं असतं, तर आलं असतं का? स्वतःला मी जातबीत न मानणारा समजतो. आमच्या घरात तो कितीदा तरी जेवलाय. या प्रश्नाचं जे उत्तर मला येतं ते फार ओंगळ आहे, आणि ते खरं आहे.

मी कितीदा तरी इव्होच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी नेली आणि वळवून परत आणली. स्वतःवर चिडलो, गाडी विकून टाकली, मंडळात एसीवाला म्हणून सल्ले देणं बंद केलं. त्यानं काय होणार होतं? सांगायचं तेवढं राहिलंच.

या वर्षी मिलिंदचं लग्न झालं, नागपूरला. नंतर त्यानं इथल्या ओळखीच्या लोकांना एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं. आत गेलो तर टेबलाच्या मधोमध इव्हो आणि त्याची बायको. माझे पाय दारातच थबकले. मिलिंद उठून आला, मला हाताला धरून आत नेलं, आणि बाजूला घेऊन अगदी मोकळ्या मनानं सगळं सांगितलं. म्हणाला, दादा, तुम्ही तेव्हा वाढवू नको म्हणालात ते बरोबर होतं. मी नंतर खूप विचार केला. माझी गाडी तिसऱ्या हाताची होती, आधीच्या मालकानं त्यात काहीतरी घातलेलं असणार. मी उगाच इव्होवर रागावलो. मग गेल्या नाताळात त्याच्या घरी गेलो, आणि त्याची माफी मागितली.

त्याच्या गाडीत काहीच नव्हतं. ते माझ्या गाडीत होतं, मीच घातलं होतं, आणि त्याच्यासमोर उभा असताना मला ते तितकंच स्वच्छ ठाऊक होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरं केलंस."